शब्दचर्चा : स्पॅनिश आडनाव ‘एक्स्पोसितो’

एका स्पॅनिश कथेचा अनुवाद करते आहे. त्यातल्या शिंप्याचं आडनाव एक्स्पोसितो. गावकरी त्यावरून त्याला टोमणे मारतात, म्हणून तळटीप हवी. ‘अनाथ’ लिहिलं तर चालेल का?

—

ताई, ‘अनाथ’ नको. त्याला स्पॅनिशमध्ये ‘उएर्फानो’ म्हणतात. त्याचे आईबाप वारलेले असतात, पण ते कोण होते हे लोकांना ठाऊक असतं. एक्स्पोसितो म्हणजे जन्मल्यावर चर्चच्या दाराशी किंवा बालकाश्रमात गुपचूप ठेवून दिलेलं मूल. मूळ लॅटिन ‘एक्स्पोसितुस’, बाहेर ठेवलेला. आश्रमांच्या भिंतीत ‘तोर्नो’ नावाचं फिरतं लाकडी खोकं असे. बाहेरून त्यात बाळ ठेवायचं आणि खोकं फिरवायचं, म्हणजे ठेवणाऱ्याचा चेहरा आत दिसत नसे. बाप्तिस्म्याच्या वहीत बापाच्या नावाची जागा रिकामी, मग तिथे हा शब्द लिहिला जाई आणि तोच पुढे मुलानातवंडांचं आडनाव होई. फर्नांदेस म्हणजे फर्नांदोचा मुलगा. त्या आडनावात निदान कुणीतरी पूर्वज आहे. इथे आहे ती फक्त आश्रमातल्या कारकुनाची नोंद.

टोमण्यांचं म्हणाल, तर ते इतके बोचरे होते की 1794 साली स्पेनचा राजा चौथा कार्लोस याने फर्मान काढलं : अशी मुलं कायद्याने औरस मानावीत आणि त्यांना ‘बास्तार्दो’ (अनौरस) वगैरे म्हणणाऱ्याला शिक्षा व्हावी. मला हे फर्मान फार मोलाचं वाटतं. तरी डाग लगेच पुसला गेला नाही. 1921 मध्ये हे आडनाव विनाशुल्क बदलण्याची सोय करावी लागली. तुमची कथा त्याआधीची असेल, तर तळटीपेत हे जरूर द्या.

—

मग सगळे एक्स्पोसितो एकमेकांचे भाऊबंद नाहीत तर? आणि अमेरिकन नट जियानकार्लो एस्पोझितो?

—

नाहीत. गावोगावी वेगवेगळ्या मुलांना हेच आडनाव मिळालं, त्यामुळे त्यावरून कूळ शोधता येत नाही. एस्पोझितो हे त्याच लॅटिन शब्दाचं इटालियन रूप. नेपल्सकडे ते फार आढळतं, आणि या नटाचे वडील नेपल्सचेच. स्पेनमधल्या कातालान भाषेत याच प्रकारचं ‘देउलोफेउ’ आहे, म्हणजे ‘देवाने घडवलेला’. फुटबॉल पाहणाऱ्यांना ते ओळखीचं असेल. हे नाव देणाऱ्याने किती मायेने दिलं असेल ते!

—

मग मराठीत ‘परित्यक्त’?

—

सरकारी कागदात ‘परित्यक्त बालक’ चालतं, पण कथेत तो शब्द कोरडा वाटेल, शिवाय ‘परित्यक्ता’ म्हटलं की नवऱ्याने टाकलेली बाईच डोळ्यांसमोर येते. मी ‘टाकलेलं पोर’ लिहीन. गावकऱ्यांच्या तोंडीही ते शोभेल. आडनाव मात्र तसंच ठेवा, त्याचं भाषांतर करू नका, आणि उच्चारताना जोर ‘पो’वर द्या.