पोर्टलमधून डिफेन्सिव्ह लाइनमन 'आणणं' : मराठीत काय म्हणाल?

ओसरी
मंडळी, एका वाक्यात चार दिवस अडकलेय, सोडवा.

मी अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका विद्यापीठात खेळाडू विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवते. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी कॉलेज फुटबॉलवर लेख मागितलाय (आपला पायाने खेळायचा नव्हे, अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत मारून पळायचा तो). वाक्य असं: 'ट्रान्सफर पोर्टलमधून डिफेन्सिव्ह लाइनमन रिक्रूट करणं हा जानेवारीत प्रशिक्षकांचा मुख्य उद्योग असतो.' (ट्रान्सफर पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नावांची ऑनलाइन यादी.) मी केलं, 'बदली पोर्टलवरून बचावफळीतल्या खेळाडूची भरती'. घरी मोठ्यानं वाचलं. सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यात. त्यांनी चष्मा वर सरकवून विचारलं, "कुठला संवर्ग? पती-पत्नी एकत्रीकरण का?"

म्हणजे बदली, भरती, बचावफळी, तिन्ही नापास. काही सुचतंय?

खडूफळा
सासूबाईंना साष्टांग दंडवत. भरती म्हटलं की आम्हा शिक्षकांना भरतीचं पवित्र पोर्टल आठवतं, बदली म्हटलं की ते बदल्यांचं दुसरं पोर्टल. दोन्ही एका वाक्यात आले की आमच्या छातीत धडधडतं. मागच्या वेळी मला खो बसला आणि आता घरापासून ७० किलोमीटर.

मुद्द्याचं बोलतो. बदली 'होते', आपण 'करत' नाही. वरून आदेश येतो. पण सरकारी मराठीत दोन प्रकार आहेत, प्रशासकीय बदली आणि विनंती बदली. तुमचा पोरगा आपणहून जात असेल तर 'विनंती बदली' लिहा. शब्द तयार आहे, रुळलेला आहे.

ओसरी
खडूफळा सर, शब्द गोड आहे, पण इथली विनंती २०१८ साली संपली. तोवर दुसऱ्या कॉलेजशी बोलायचं तर आधी आपल्या प्रशिक्षकाची परवानगी लागे, आणि अमुक कॉलेजात जायचं नाही असंही तो बजावू शके. १५ ऑक्टोबर २०१८ ला पोर्टल सुरू झालं. आता मुलानं फक्त लेखी कळवायचं आणि कॉलेजनं कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचं नाव पोर्टलवर टाकायचं. नाही म्हणायची सोयच नाही. नाव दिसलं की बाकीचे फोन करायला मोकळे. आधी कॉलेज बदललं की वर्षभर सामने न खेळता काढावं लागे. ती सक्ती २०२१ मध्ये पहिल्या वेळेपुरती उठली. २०२४ पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा बदला.

त्यामुळे विनंती नाहीच. घरमालकाला नोटीस द्यावी तसं आहे.

गिरणगावकर
'बदली' वाचून आजोबा आठवले. ते लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात बदली कामगार होते. पहाटे उठून गेटवर उभं राहायचं. कुणाचा खाडा पडला तर त्याच्या साच्यावर काम, नाहीतर चहा पिऊन घरी. आजी सांगायची, ते परत येताना दिसले की ती डाळीत पाणी वाढवायची.

तेव्हा 'बदली खेळाडू' म्हणजे माझ्या लेखी बाकावर बसलेला, कुणी लंगडत बाहेर आला की आत जाणारा. पेपरातही तोच अर्थ आहे. तुमचा गडी तर पैसे मोजून आणलेला. त्याला बदली म्हणालात तर वाचक त्याला बाकावर बसवतील.

निखळ_मराठी
हे सगळे आपल्या आळसाचे फळ आहे. 'महापौर', 'दिनांक', 'क्रमांक' हे शब्द सावरकरांनी घडवले तेव्हा नवेच होते. आज कुणाला खटकतात? सरळ लिहा: 'स्थानांतर-द्वारातून अग्ररक्षकाचे संपादन'. पोर्टल म्हणजे द्वार, त्यात अवघड काय आहे?

खांबावरचा
मी 'अंगरक्षक' वाचलं. मग 'संपादन' वाचून वाटलं की अंगरक्षकाचं आत्मचरित्र कुणीतरी तपासून देतंय.

अवांतर: माझे वडील वीज मंडळात लाइनमन होते. 'डिफेन्सिव्ह लाइनमन' म्हणजे थकबाकी वसुलीला गेल्यावर गावकऱ्यांनी घेरलं की पाना हातात धरून उभा असतो तो. वडिलांना तिन्ही ऋतूंत हे काम करावं लागलंय, एक रुपया जास्तीचा मिळाला नाही.

निखळ_मराठी
थट्टा करणे सोपे असते. पर्याय द्या.

बखरबाज
पर्याय घ्या. पण आधी ओसरीताई, हा गडी मैदानात नेमका उभा कुठे राहतो ते सांगा. बचाव म्हणताय, म्हणजे मागे का?

ओसरी
तीच तर गोची आहे, बखरबाजदादा. मराठी वाचक बचावफळी म्हटलं की गोलरक्षकासमोरची चौकडी बघतो. इथं हे तीन-चार जण आपल्या संघाच्या सगळ्यांत पुढे असतात. एक हात जमिनीला टेकवून, समोरच्याच्या उच्छ्वासाची वाफ दिसेल इतक्या जवळ. चेंडू हलला की समोरच्याला रेटत आत घुसायचं आणि चेंडू फेकणाऱ्याला लोळवायचं, नाहीतर पळणाऱ्याच्या वाटा बुजवायच्या. अगदी मधल्याला नोज टॅकल म्हणतात. त्याला पुष्कळदा दोघं मिळून ढकलतात. तो हलला नाही की झालं त्याचं काम. पकड मागच्या गड्याच्या नावावर लागते, याच्या नावावर काही नाही.

असा देह मिळणं मुश्कील, आणि अठरा वर्षांच्या पोराचा तो घडवायला दोन-तीन वर्षं जातात. म्हणून सगळे पोर्टलवर तयार माल शोधतात. जॅरेड व्हर्स ऑल्बनीसारख्या छोट्या ठिकाणाहून २०२२ मध्ये फ्लोरिडा स्टेटला आला. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ कॉलेजातले खेळाडू निवडतात तो) रॅम्स या संघानं त्याला पहिल्याच फेरीत उचललं आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटूही तोच ठरला. वॉल्टर नोलन टेक्सास ए अँड एम सोडून ओल मिसला (म्हणजे मिसिसिपी विद्यापीठात) गेला आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये अ‍ॅरिझोनाच्या संघानं त्याला सोळाव्या क्रमांकावर घेतला.

आता सांगा, सगळ्यांत पुढे उभं राहून अंगावर धावून जाणाऱ्याला 'बचाव' कसं म्हणायचं?

बखरबाज
म्हणायचंच नाही. 'बिनीचा गडी' म्हणा. बिनी म्हणजे फौजेची आघाडी. पिछाडीला चंदावल. विसाजी कृष्ण बिनीवाले हे नाव त्यातूनच आलंय. आपण 'बिनीचा शिलेदार' भाषणात वापरून वापरून गुळगुळीत केलाय, त्याला निदान इथे मूळ काम तरी मिळेल. शब्द घरात असताना द्वारं कसली उघडताय?

खडूफळा
+१. बिनीचा गडी, १४० किलो. शोभतो.

निखळ_मराठी
बिनीवाला पुढे जाऊन चढाई करतो. हा स्वतःच्या हद्दीचे रक्षण करतो. अर्थ उलटा होईल.

बखरबाज
चंदावलीचे लोकही तलवारी चालवत होते हो. कोण कुठे उभा आहे यावरून नाव पडतं, कशासाठी उभा आहे यावरून नाही.

ओसरी
बिनी मला भलतीच आवडली. पण वाचक अमेरिकेत वाढलेली पोरंही आहेत, त्यांना तळटीप द्यावी लागेल, आणि तळटिपेत डिफेन्सिव्ह लाइनमनच लिहावं लागेल.

दरम्यान एक गंमत झाली. सोमवारी असाच एक बिनीचा गडी माझ्याकडे आला. आमच्या खुर्च्यांना हात आहेत, त्यात तो मावत नाही, म्हणून भिंतीकडेचं लांब बाक ओढून बसतो. दुपारी त्याचं नाव पोर्टलवर लागलं होतं. फोन टेबलावर पालथा ठेवलेला. तो इतका थरथरत होता की माझी पेन्सिल घरंगळून खाली गेली. कुठल्या कॉलेजचा फोन आहे हे त्यानं एकदाही बघितलं नाही. त्याला एवढंच विचारायचं होतं की इथले विषय तिकडे मोजतील का. नियम असा की तिसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ६० टक्के अभ्यास पुरा झालेला हवा. नवं कॉलेज विषय घेतं, पण नव्या पदवीत ते बसतीलच असं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात आपोआप मराठी शब्द आला, 'विषय वर्ग होतील का?'

मग ट्रान्सफरला 'वर्ग होणं' का नको? 'खेळाडू वर्ग झाला'?

गिरणगावकर
पैसे खात्यावर वर्ग होतात, गुन्हा दुसऱ्या पोलीस ठाण्यात वर्ग होतो. माणूस कसा होईल?

खडूफळा
आमच्या खात्यात माणसंही होतात. आणि त्यांनाही पैशासारखंच कुणी विचारत नाही.

कट्ट्यावरचा
तुम्ही सगळे सभ्य शब्द शोधताय, म्हणून सापडत नाहीये. नाव पोर्टलवर यायच्या आधीच कुणाकरवी तरी निरोप धाडतात की नाही ताई? त्याला मराठीत 'फोडणं' म्हणतात. आमदार फुटतो तसा खेळाडू फुटतो. आमच्या भागातल्या कबड्डीत हेच चालायचं. स्पर्धेच्या आदल्या रात्री समोरच्या संघाचा डावा कोपरा नोकरीच्या आशेनं फुटला आणि सकाळी त्यांच्याच विरुद्ध उतरला. आम्ही त्याला दरवेळी पकडीत घेतला, हा भाग वेगळा.

ओसरी
धाडतात, आणि त्याला बंदी आहे. नाव लागायच्या आधी बोलणं म्हणजे गुन्हा. 'फोडाफोडी' त्यासाठी पक्का घेतला, धन्यवाद. पण नाव लागल्यानंतर जे उघड चालतं त्याला काय म्हणू? २०२६ मध्ये पोर्टलची खिडकी, म्हणजे नाव टाकायची मुदत, फक्त २ ते १६ जानेवारी उघडी होती. त्या पंधरा दिवसांत प्रशिक्षक पोराशी बोलतो, आईशी बोलतो, जेवायला घालतो. पैसेही असतात. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येतं, आणि २०२५-२६ पासून कॉलेजही त्यांना थेट पैसे वाटू शकतं; त्या वर्षी मर्यादा सगळ्या खेळांत मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. तरी पैशापेक्षा आर्जव जास्त. 'भरती' म्हटलं की मला पोलीस भरतीची सोळाशे मीटर धाव दिसते. तिथं उमेदवार धावतात, इथं साहेब धावतो.

गरीवाला
मग 'गळ घालणे' म्हणा ना! आमच्या मालवणात संध्याकाळी गरी घेऊन जेटीवर बसतात, त्याला गरवणे म्हणतात. गळ टाकायचा, दम धरायचा, मासा लागला की ओढायचा. 'प्रशिक्षकानं त्याला गळ घातली' यात तेच चित्र आहे. पटवलं, आर्जव केलं, शेवटी गळाला लागला.

निखळ_मराठी
चूक. माशाचा गळ पुल्लिंगी आहे, तो गळ. आर्जवाची गळ स्त्रीलिंगी, ती गळ. 'गळ घातली' म्हणतो, 'गळ घातला' नाही. दोन्ही शब्द वेगळे. आर्जवाचा संबंध गळ्याशी असावा, गळ्यात पडणे या अर्थाने.

गरीवाला
गळा पण पुल्लिंगीच आहे की. तो कसा काय चालला?

बखरबाज
हाहा. एक-शून्य.

निखळ_मराठी
साधित शब्दाचे लिंग बदलू शकते.

गरीवाला
मग माझ्या गळाचंपण बदलू दे.

खांबावरचा
माझी आजी (चिपळूण) 'गळ घातला' म्हणायची. शपथेवर सांगतो.

निखळ_मराठी
व्यक्तिगत आठवण हा पुरावा नव्हे.

खांबावरचा
माझ्या आजीला व्यक्तिगत म्हणू नका.

कट्ट्यावरचा
ताई, पोराचं काय झालं? आणि लेखात शेवटी काय छापलं?

ओसरी
पोरगा गेला. जाताना बाक परत भिंतीला लावून गेला. आता मी त्या अंकाच्या संपादकांना गळ घालतेय, की दोन दिवस मुदत वाढवा. गळ घातली की घातला, ते तुम्ही ठरवा.

गिरणगावकर
अवांतर: गरीवाले भाऊ, मे महिन्यात मालवणला येतोय. तांबोशीला गरीला काय लावता?

गरीवाला
सुंगट, म्हणजे कोळंबी. पण जिवंत हवं, बाजारातलं बर्फातलं आणू नका. आणि वारा कुठला आहे ते आधी फोन करून विचारा.