सह्याद्री ज्वालामुखीचा, मग त्याचं तोंड कुठंय?

भटक्या_नाशिककर:
हरिश्चंद्रगडावर सोबतचा एकजण म्हणाला हा सगळा लाव्हाचा दगड आहे. ठीक आहे, पण शाळेच्या पुस्तकात ज्वालामुखी म्हणजे शंकूसारखा डोंगर आणि वर तोंड, इथे कोकणकड्यावर बघाल तर नुसत्या आडव्या पट्ट्या. मग लाव्हा आला कुठून? आणि हिमालयासारखी प्लेटांची टक्कर इकडेही झाली होती का?

काळापाषाण:
तोंड शोधत बसू नका, तसलं तोंड नव्हतंच. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून बेसाल्टचा लाव्हा बाहेर आला. हा लाव्हा पातळ, तव्यावर आंबोळीचं पीठ पसरावं तसा पसरतो, त्यामुळे शंकू होत नाही, थरावर थर बसतात. आजही जवळपास ५ लाख चौ. किमी भागात हा दगड आहे आणि पश्चिमेकडे त्याची जाडी २ किमीच्या वर जाते. धुळे-नंदुरबारकडे गेलात तर काळ्या दगडाच्या सरळ रेषेतल्या टेकड्या दिसतील, त्यांना डाइक म्हणतात, भेगांमध्येच थिजलेला लाव्हा आहे तो. आणि घाटरस्त्याला कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांमध्ये कधीकधी विटकरी लाल पट्टी दिसते ना, ती बघाच, म्हणजे एक लोंढा येऊन गेल्यावर पुढचा यायच्या आधी वरचा दगड झिजून माती व्हायला वेळ मिळाला होता. मला तर कुठल्याही सुळक्यापेक्षा ती पट्टी बघायला जास्त आवडते.

गंधा_पुणे:
टक्कर इकडे नाही झाली. लाव्हा आला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या खाली होता, आत्ता हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली जो हॉटस्पॉट (पोटातून सतत तप्त खडक वर येणारी जागा) आहे त्याच्या वरून सरकत होता (तिथला ज्वालामुखी अजून चालू आहे). आशियाला धडक त्यानंतर, साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी, आणि मधल्या समुद्राच्या तळाला वळ्या पडून हिमालय वर आला. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रातला चुनखडक आहे आणि गंडकीतला शाळिग्राम म्हणजे समुद्री जीवाचं जीवाश्म. भारत अजून वर्षाला ५ सेंमीच्या आसपास उत्तरेला सरकतोय, थांबलेला नाही.

भटक्या_नाशिककर:
मग थर आडवे आणि वळ्या नाहीत तर डोंगर झाला कसा?

काळापाषाण:
खरं सांगू का, सह्याद्री म्हणजे पठाराची कड आहे. जुन्नरकडून जाताना चढ फारसा जाणवत नाही पण कोकणातून बघा, भिंतच. पश्चिमेला जमीन फाटली, सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटला, मग पावसापाण्याने कडा झिजत झिजत पूर्वेकडे मागे सरकला. कळसूबाई १,६४६ मीटर आहे ती असंच झिजून उरलेली.

गंधा_पुणे:
नुसती झीज नाही हो, किनाऱ्याची बाजू वर उचललीही गेली असं बरेच भूशास्त्रज्ञ मानतात. गोदावरी बघा, त्र्यंबकेश्वरपासून अरबी समुद्र जेमतेम ८० किमी आणि बाई निघाल्या पूर्वेला, पार १,४६५ किमी, कारण पश्चिमेची कडच उंच आणि उतार पूर्वेकडे.

काळापाषाण:
हे मान्य, उचल झाली असणार. किती आणि कधी यावर वाद आहेत.

भटक्या_नाशिककर:
भारी! शेवटचं एक, लोणार तरी ज्वालामुखीचं तोंड ना?

काळापाषाण:
नाही 😄 तिथे उल्का आदळली. दगड मात्र हाच, बेसाल्ट.