केमो आणि रेडिएशन एकदम: बाबांना झेपेल का?

प्रश्न:
बाबा ६८ वर्षांचे. फुफ्फुसाचा कॅन्सर, नॉन-स्मॉल सेल, तिसरी स्टेज. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलीय, त्यामुळे ऑपरेशन होणार नाही. सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत दर आठवड्याला केमो सांगितलीय. काका म्हणतात, आधी केमो उरकू द्या, मग शेक (रेडिएशन) घ्या. काय करावं सुचत नाहीये.

उत्तर १:
ताई, माझ्या बायकोचे दोन्ही एकदमच झाले. पहिले दोन आठवडे ती आरामात होती. तिसऱ्यात घास उतरेना. पाण्याचा घोट तोंडात धरून बसायची, डोळे मिटून गिळायची. अन्ननलिका किरणांच्या वाटेत येते, म्हणून आतून सोलवटते. दुखायला लागण्याची वाट बघू नका, गिळण्याआधी घ्यायचं बधिर करणारं औषध आधीच लिहून घ्या. वजन दर आठवड्याला करा. खाणं अगदीच थांबलं तर नाकातून नळी घालावी लागते, त्याला घाबरू नका. शेक संपल्यावर काही आठवड्यांत ती नीट जेवू लागली.

उत्तर २:
मी रेडिएशन विभागात काम करते. काका सांगतात तो मार्गही आहे, तब्येत नाजूक असेल तर तोच निवडतात. पण झेपणाऱ्या पेशंटला एकत्र देण्याचा फायदा जास्त. केमोमुळे गाठीच्या पेशी किरणांना लवकर बळी पडतात. २०१० मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, एकामागून एक देण्याच्या तुलनेत, पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण साडेचार टक्क्यांनी जास्त निघालं. किंमतही आहे: अन्ननलिकेचा तीव्र दाह ४ वरून १८ टक्क्यांवर गेला. डोस साधारण ६० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक), ३० वेळा विभागून. ७४ ग्रे देऊन पाहिलं, उपयोग झाला नाही.

गाठीच्या तुकड्यावर ईजीएफआर (एक जनुक) आणि पीडी-एल१ (पेशींवरचं एक प्रथिन) या तपासण्या झाल्यात का, हे जरूर विचारा. आजार आटोक्यात राहिला तर पुढे वर्षभर ड्युरव्हॅलुमॅब हे प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं औषध देतात. ईजीएफआर जनुकात बदल असेल तर त्याऐवजी ओसिमर्टिनिबच्या गोळ्या. आणि शेक संपल्यावर काही महिन्यांनी कोरडा खोकला, धाप, ताप आला तर नुसतं सर्दीचं औषध घेऊ नका. तो फुफ्फुसाचा दाह असू शकतो, वेळेत स्टेरॉइड लागतात.

प्रश्नकर्ती:
खूप आभार दोघांचे. बाबा रोज जिना चढतात, किडनीचे रिपोर्टही चांगले आहेत. ईजीएफआरचं कुणी बोललंच नव्हतं, उद्या पहिला प्रश्न तोच विचारते. काकांनाही सोबत नेते, त्यांचं त्यांना ऐकू दे.