मदत हवी आहे : लांब पायांच्या हार्वेस्टमनची जात शनिवारपर्यंत ओळखून हवी

लालमाती
नमस्कार. आमचे निसर्गमंडळ रविवारी शाळकरी मुलांसाठी माहितीफलक लावणार असून त्यावरील एका हार्वेस्टमनचे, म्हणजे कोळ्यासारख्या दिसणाऱ्या आठ पायांच्या प्राण्याचे, नाव मला शनिवारपर्यंत हवे आहे. शरीर मसुराच्या दाण्याएवढे, पाय केसासारखे लांब, जाळे नाही. काडीने अलगद कागदावर घेताना त्याचा एक पाय गळून पडला आणि प्राणी निघून गेल्यावरही तो पाय कागदावर बराच वेळ हलत राहिला. ते पाहून जीव हळहळला. अमेरिकेतील डोंगररानात राहणाऱ्या फ्युमोन्टाना डेप्रिहेन्डर या दुर्मीळ हार्वेस्टमनविषयी मी नुकतेच वाचले. हा तोच असावा का? कृपया लवकर सांगावे.

पारसिक_पायथा
तो कोठे दिसला, कोणत्या महिन्यात, झाडावर की घराच्या भिंतीवर, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही आणि छायाचित्रही जोडलेले नाही. शरीराचे दोन वेगळे भाग दिसले की एकच गोळा दिसला, हे आधी सांगावे. दोन भाग असतील तर तो घराच्या कोपऱ्यात उलटा लटकणारा लांब पायांचा कोळी होय.

कोपरीकर
आमच्या न्हाणीघरात असे पुष्कळ आहेत. दर आठवड्याला झाडूने जाळी काढावीत आणि खिडकी उघडी ठेवावी. लहान मुले असतील तर विषाची काळजी घ्यावी.

शेवाळ
कोपरीकर, जाळी करतो तो कोळी. हार्वेस्टमनला रेशीमही नसते आणि विषग्रंथीही नसतात. सतावल्यास तो फक्त उग्र वासाचा द्रव सोडतो.

लालमाती, आपला प्राणी फ्युमोन्टाना असणे शक्य नाही. विल्यम शिअर यांनी १९७७ साली वर्णिलेली ती जात अमेरिकेतील दक्षिण ॲपलेशियन डोंगरांतच, जुन्या रानातील कुजक्या ओंडक्यांखाली राहते, आणि तिचे शरीर जेमतेम काही मिलिमीटरचे असून पाय असे केसासारखे लांब नसतात. अशा ओलाव्यावर जगणाऱ्या, पंख नसलेल्या प्राण्याला मधली कोरडी दरी ओलांडणेही जड जाते, आणि म्हणूनच त्याच्या कित्येक जाती एकेका डोंगररांगेपुरत्या राहतात. भारतातील लांब पायांचे अनेक हार्वेस्टमन स्क्लेरोसोमॅटिडी कुळातले आहेत. शोध तेथून सुरू करावा.

लालमाती
क्षमस्व, ठिकाण सर्वांना कळेल असे मी गृहीत धरले. ठाण्याजवळील येऊर, पाटोणापाड्याकडील वाट, मागच्या आठवड्यातील पावसाळी सकाळ. शेवाळलेल्या ऐनाच्या खोडावर सहासात प्राणी पायांत पाय अडकवून बसले होते. शरीर एकसंध होते, कंबर नव्हती. आता नाव सांगता येईल का?

पारसिक_पायथा
मग तो हार्वेस्टमनच. मात्र जात छायाचित्रावरून ठरत नाही, कारण पुष्कळ जातींत नराच्या जननेंद्रियाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. माझ्या मते सरळ एक नर सत्तर टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेवून तज्ज्ञाकडे द्यावा; मी खारघरच्या डोंगरावरील कीटकांबाबत नेहमी हेच करतो.

शेवाळ
हा सल्ला येथे लागू पडत नाही. येऊरचे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते आणि तेथून कोणताही प्राणी नेण्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. एका फलकासाठी कोणाचाही जीव घेऊ नये.

पारसिक_पायथा
नमुन्यांशिवाय ही शाखा उभीच राहिली नसती. जर्मन अभ्यासक रोएवर यांनी केलेली वर्णनेही जतन केलेल्या नमुन्यांवरच आधारलेली आहेत. परवानगीचा मुद्दा मात्र मला मान्य आहे.

शेवाळ
नमुन्याला माझा विरोध नाही, घाईला आहे. लालमाती, फलकावर जातीचे नाव न लिहिता ‘हार्वेस्टमन, ओपिलिओनीस गण’ एवढेच लिहावे. ते निश्चित बरोबर आहे. पुन्हा जाल तेव्हा बाजूने छायाचित्र घ्यावे, म्हणजे पाठीवरच्या उंचवट्यावरील दोन डोळे दिसतील आणि मुलांनाही कोळ्याशी असलेला फरक पटेल.

लालमाती
आभार, तसेच लिहितो. एकच विचारायचे राहिले : गळालेला पाय पुन्हा येतो का? तो पुढून दुसऱ्या जोडीतला, सर्वांत लांब होता.

शेवाळ
येत नाही. त्याच दोन पायांनी तो पुढची जागा चाचपत चालतो, आणि आता त्याच्याकडे तसा एकच पाय उरला आहे.