मदत हवी आहे: करडई तेल आणि सोया लेसिथिनचं क्रीम दुसऱ्या दिवशी फाटायलंय

करडईफूल, लातूर
100 ग्रॅमचं माप: घाण्याचं करडई तेल 20, मधमाश्यांचं मेण 4, सोया लेसिथिन (तपकिरी, काकवीसारखं चिकट) 3, बोअरचं पाणी 73. तेल, मेण आणि लेसिथिन पातेल्यातल्या पातेल्यात वितळवून त्यात पाणी ओतते, रवीनं घुसळते. रात्री छान दिसतं. सकाळी खाली पाणी, वर पिवळा थर, मधे मेणाचे दाणे. इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) वनस्पतीजन्यच पाहिजे. लेसिथिन वाढवू का?

मापतोल
वाढवू नका ताई, तिथंच घोळ आहे. आपला सोयाबीनचा पट्टा असल्यानं लेसिथिन हाताशी येतं, पण कच्च्या लेसिथिनचा एचएलबी (इमल्सिफायरची ओढ तेलाकडे की पाण्याकडे ते सांगणारा आकडा; कमी म्हणजे तेलाकडे) साधारण 4. ते तेलात पाण्याचे थेंब धरतं. तुम्हाला उलटं पाहिजे, पाण्यात तेलाचे थेंब. त्याला 8 च्या वरचा इमल्सिफायर लागतो. 3 ग्रॅम लेसिथिन 73 ग्रॅम पाणी कुठून धरणार? खात्री करायची तर क्रीम ताजं असताना चिमूटभर पाण्यात टाका. दुधासारखं पसरलं तर बाहेरचा भाग पाणी, गोळा तरंगला तर तेल.

मेण एकटं इमल्सिफायर नव्हे. दाणे पडायचं कारण पाणी: गरम मेणात गार पाणी ओतलं की ते जागीच थिजतं.

खडेपाणी
आणि बोअरचं पाणी! त्यातलं कॅल्शियम लेसिथिनच्या फॉस्फेटला चिकटतं, धरून ठेवायची ताकद कमी होते. डिस्टिल्ड घ्या. शिवाय प्रिझर्व्हेटिव्ह कुठाय? पाणी असलेलं क्रीम त्याशिवाय आठवडाभरही भरवशाचं नाही; बुरशी दिसायच्या आधीच जंतू वाढलेले असतात. व्हिटॅमिन ई तेल खवट व्हायचं लांबवतं, जंतू मारत नाही.

गोंदकतिरा
मेणात बोरॅक्स घातलं तर जमतं की.

मापतोल
जमतं, पण ते खनिज, आणि क्रीम अल्कधर्मी होतं. मग सोडियम बेंझोएटसारखं आम्लात चालणारं प्रिझर्व्हेटिव्ह निकामी. त्यापेक्षा सिटेअरिल ऑलिव्हेट-सॉर्बिटन ऑलिव्हेट घ्या. ऑलिव्ह तेलापासूनचं, पांढऱ्या चकत्या, दोन्ही एकत्रच मिळतात.

100 ग्रॅमचं माप. तेलाचा भाग: करडई तेल 15, ऑलिव्हेट 5, सिटाइल अल्कोहोल 2 (क्रीम दाट करणारं, मेणासारखं; वनस्पतीजन्य असल्याचं विचारून घ्या).
पाण्याचा भाग: डिस्टिल्ड पाणी 73.5, ग्लिसरिन 3, झँथन गम (दाटपणा देणारी भुकटी) 0.3.
शेवटी: बेंझाइल अल्कोहोल-डीहायड्रोअ‍ॅसेटिक आम्लाचं मिश्रण (हे प्रिझर्व्हेटिव्ह) 0.8, व्हिटॅमिन ई 0.4.

झँथन आधी ग्लिसरिनमध्ये कालवा, थेट पाण्यात टाकलं की गुठळ्या. दोन्ही भांडी 75 अंशांवर आणून 15 मिनिटं ठेवा. उडालेलं पाणी वजन करून भरून काढा. मग तेल पाण्यात ओतून हँड ब्लेंडर थांबत-थांबत 2 मिनिटं, पातं बुडालेलंच राहू द्या, नाहीतर हवा कोंडते. रवीनं थेंब इतके बारीक होत नाहीत. पुढं चमच्यानं हळू ढवळत गार करा. 40 च्या खाली आलं की शेवटचा भाग. पीएच पट्टीवर (आम्लता मोजायचा कागद) आकडा 5 ते 5.5 यावा, जास्त असला तर सायट्रिक आम्लाचं पातळ द्रावण थेंबाथेंबानं.

लेसिथिन टाकू नका. बिनपाण्याच्या टाचांच्या मलमात ते मस्त चालतं.

खडेपाणी
मे महिन्यात पत्र्याखाली ठेवणार असाल तर आधी बरणी 45 अंशांवर 24 तास, मग फ्रिजमध्ये 24 तास, असं तीनदा करून बघा. विकायचं असेल तर 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे उत्पादन परवाना लागतो, घरगुती म्हणून सूट नाही.

करडईफूल, लातूर
लई आभार. आता फाटत नाही, तिन्ही फेऱ्या झाल्या. पण चोळताना साबणासारखा पांढरा फेस दिसायलाय.

मापतोल
ऑलिव्हेटची ती खोडच आहे. इमल्सिफायर 4 वर, सिटाइल अल्कोहोल 1 वर आणा, कमी झालेले 2 ग्रॅम पाण्यात वाढवा. पातळ वाटलं तर झँथन 0.4. माप बदललं की बरणी पुन्हा 45 वर.