गेम डिझायनरच्या पोर्टफोलिओत स्वतःबद्दल नक्की काय लिहायचं?

पटावरचं_प्यादं
नमस्कार मंडळी, गेम डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याआधी अकाउंट्स शिकत होतो. इंटर्नशिपसाठी पोर्टफोलिओ करतोय आणि "माझ्याबद्दल" या पानावर तीन दिवस अडकलोय. कोडिंग जेमतेम येतं, गोडोमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) उड्या मारणारं कॅरेक्टर, शत्रू, स्कोअर एवढं जमतं, चित्रकला अगदीच कच्ची. वर्गातले बाकीचे थ्रीडी मॉडेल्स दाखवतात आणि माझ्याकडे एक्सेलच्या शीट्स नि पुठ्ठ्याचे पत्ते. पण खेळांचं वेड लहानपणापासूनचं. सापशिडीत मला चीड यायची कारण त्यात आपण ठरवायचं काहीच नसतं, फासा सांगेल तिथे जायचं, म्हणून मी नियम काढला की दोन फासे टाकायचे आणि कुठला चालायचा ते आपण निवडायचं. धाकटी बहीण त्यानंतर साधी सापशिडी खेळायलाच तयार होईना. असलं काही लिहावं का? "गेम्सची आवड आहे" तर सगळेच लिहितात.

रिकामा_खण
अरे हेच लिही! "आवड" हा शब्द काढून टाक आणि सापशिडी पहिल्या ओळीत आण. मी डिझायनर म्हणून काम करते, इंटर्न निवडताना पोर्टफोलिओ बघते, आणि मला तरी हेच शोधायचं असतं की या मुलाने एखादा नियम बदलून माणसं कशी वेगळी वागतात ते बघितलंय का. तू ते नकळत केलंस, बहीण आधी नुसता फासा टाकायची, मग विचार करायला लागली.

चित्रकलेचं मनाला लावून घेऊ नकोस. १९८४ मध्ये पाजितनोव्ह या सोव्हिएत प्रोग्रामरने ज्या मशीनवर टेट्रिस केला त्या मशीनला ग्राफिक्सच नव्हते, ठोकळे कंसाच्या चिन्हांनी काढलेले. त्याला मूळ पाच चौकोनांचे तुकडे वापरायचे होते, ते बारा प्रकारचे होतात, मग चार चौकोनांवर आला आणि सातच उरले. डिझाइन ते तिथे आहे, काय ठेवायचं नि काय सोडायचं यात.

आणि अकाउंट्स लपवतोस कशाला? गेममध्ये नाणी कुठून येतात, कुठे खर्च होतात, खेळाडूकडे फार साठली तर दुकानातल्या वस्तूंना किंमत उरत नाही, हा सगळा जमाखर्चच आहे. ती एक्सेल शीट टाक, फक्त कुठला आकडा का बदलला ते शेजारी लिही.

सेमीकोलन
मी प्रोग्रामर, वरच्या ताईंशी सहमत, पण नुसत्या गोष्टीवर थांबू नको, खेळता येईल असं काहीतरी हवं. गोडोमधून वेब एक्सपोर्ट होतं, ब्राउझरमध्ये उघडेल असं टाक, डाउनलोड करायला लावलंस तर बरेच जण बघणारच नाहीत. तुझं ते उडी मारणारं कॅरेक्टर घे आणि उडीवरच काम कर. सेलेस्ट नावाच्या गेममध्ये कडा सुटल्यावरसुद्धा ०.१ सेकंद उडी मारता येते, खेळणाऱ्याला कळतही नाही पण हाताला बरं वाटतं, नाहीतर तो म्हणतो बटण दाबलं होतं की मी. अशी एक गोष्ट तू स्वतः शोधून, आधीची नि नंतरची क्लिप शेजारी शेजारी ठेवलीस की "कोडिंग जेमतेम" हे लिहायची गरजच नाही.

डाव_मांडला
माझं मत थोडं वेगळं. एकट्याने केलेल्या कामातून तू दुसऱ्यांबरोबर कसा वागतोस ते दिसत नाही आणि इंटर्नशिपला तेच फार लागतं. गेम जॅम कर, म्हणजे ठरावीक थोड्या वेळात टीमने मिळून गेम बनवायचा. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून होतोय, तिथे बोर्ड गेमसुद्धा चालतो, म्हणजे तुझे पुठ्ठ्याचे पत्ते फुकट जाणार नाहीत. चित्र काढणारा कोणीतरी टीममध्ये मिळतोच. मी पहिल्या जॅममध्ये अर्धा वेळ माझी आयडिया पटवण्यातच घालवला आणि शेवटी गेम अपुरा राहिला, पण काय कापायला हवं होतं ते मी लिहून ठेवलं आणि मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले.

पटावरचं_प्यादं
खूप खूप आभार सगळ्यांचे. रात्री बसून पहिली ओळ लिहिली: "दहा वर्षांचा असताना मी सापशिडीला दुसरा फासा जोडला, कारण मला निवड हवी होती." खाली पत्त्यांचे फोटो आणि नाण्यांची शीट येईल. @रिकामा_खण, शीटमध्ये चुकलेले आकडे पण ठेवू का? तिसऱ्या टेस्टला सगळ्यांकडे एवढी नाणी झाली की कोणी लिलावात बोलीच लावेना.

रिकामा_खण
ठेव. मी आधी तेच उघडून बघेन.