नथीच्या फोटोचं बॅकग्राउंड काढताना मोतीच खाल्ले जातात

ठुशीवाली
मोत्यांच्या नथा आणि ठुश्या ऑनलाइन विकायला टाकायच्या आहेत. ॲमेझॉनला मुख्य फोटोचं बॅकग्राउंड शुद्ध पांढरं लागतं आणि नेमकं तिथेच अडतंय. फोटो मोबाइलवर, पांढऱ्या कार्डशीटवर, खिडकीपाशी काढलेत. ॲपमध्ये टाकले की कडेचे मोती अर्धे गायब होतात, नाकात अडकवायची तार तुटक दिसते आणि मोत्यांमधल्या फटींत करडा रंग तसाच राहतो. ॲपची पैसे भरून मिळणारी आवृत्ती घ्यावी का? लॅपटॉप आहे, फोटोशॉप नाही. एकूण ६० नग आहेत.

उजेड_सावली
पैसे भरू नका. चूक ॲपची कमी आणि कागदाची जास्त आहे. पांढऱ्या कागदाचा उजेड मोत्याच्या कडेला परत पडतो, त्यामुळे मोत्याची कड आणि कागद फोटोत जवळजवळ एकाच रंगाचे होतात. जी कड फोटोत नाहीच, ती कुठलंही ॲप शोधून देणार नाही.

मध्यम करड्या रंगाची कार्डशीट घ्या. हिरवी-निळी नको. सोन्याचं पाणी आणि मोती दोन्ही चकचकीत, शेजारचा रंग कडेवर उतरतो आणि नंतर निघता निघत नाही. करडा उतरला तर फक्त कड थोडी गडद होते, आणि आपल्याला तेच हवंय. कारण शेवटी नथ पांढऱ्यावरच बसणार आहे. कितीही सफाईने कापली तरी मोत्याला गडद कड नसेल तर तो पांढऱ्यात विरघळणारच.

नथ थेट कागदावर ठेवू नका. दोन डब्यांवर काच आडवी ठेवा, काचेवर नथ, आणि कागद काचेच्या खाली २०-२५ सें.मी. अंतरावर. सावली नथीपासून लांब पडते, फटी स्वच्छ दिसतात. काचेत मोबाइलचं प्रतिबिंब येतं, म्हणून काळ्या पुठ्ठ्याला लेन्सपुरतं भोक पाडून तो मोबाइलसमोर धरा. खिडकीला बटर पेपर, समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा. ट्यूबलाइट बंद, नाहीतर एका बाजूचे मोती पिवळट आणि दुसऱ्या बाजूचे निळसर येतील.

मोबाइल नथीला चिकटवू नका. थोडा लांब, २x वर ठेवा. फार जवळ गेलं की पुढचा मोती स्पष्ट आणि मागची तार धूसर होते, आणि धूसर कड कापता येत नाही. पोर्ट्रेट मोड तर बंदच, तो कडा मुद्दाम धूसर करतो. मोत्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि मोत्यांची गोलाई दिसेपर्यंत उजेड कमी करा.

पिक्सेलमोज
तार का तुटते तेही सांगतो. यातली बरीच ॲपं तुमचा पूर्ण फोटो बघत नाहीत, आधी तो लहान करतात. रेमबीजी या बॅकग्राउंड काढणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमधलं यू-टू-नेट मॉडेल फोटो ३२० × ३२० पिक्सेलवर आणतं, मुखवटा (काय ठेवायचं आणि काय काढायचं याचा नकाशा) तयार करतं आणि मग तो ताणून मोठा करतं. ४००० पिक्सेलच्या फोटोत १० पिक्सेल जाडीची तार असेल, तर लहान केल्यावर ती एक पिक्सेलसुद्धा उरत नाही. म्हणून ॲपला देण्याआधी फोटो नथीच्या अगदी जवळून चौकोनी कापून द्या, चारही बाजूंना जेमतेम बोटभर जागा ठेवून. रेमबीजीच वापरणार असाल तर आयएस-नेट मॉडेल निवडा, ते १०२४ × १०२४ वर चालतं. ठुशीला एवढं पुरतं. नथीला हातानेच करावं लागतं, त्याला इलाज नाही.

ठुशीवाली
हाताने म्हणजे जिंपमध्ये? आणि प्रत्येक फट कापायची?

उजेड_सावली
हो, जिंप, म्हणजे फोटोशॉपसारखंच पण फुकट सॉफ्टवेअर. पाथ टूल (बिंदू जोडत कडेची रेघ काढायचं साधन) घ्या, फोटो ३०० टक्क्यांवर न्या आणि बाहेरच्या कडेच्या एक पिक्सेल आतून बिंदू टाकत चला. गोल मोत्याला चार बिंदू पुरतात, जास्त टाकले की कड खडबडीत होते. पाथ बंद करून त्याचं सिलेक्शन करा. मग फटींसाठी नवा पाथ काढा आणि तो त्याच सिलेक्शनमधून वजा करा (पाथच्या खिडकीतलं सिलेक्शनचं बटण कंट्रोल धरून दाबायचं). नंतर एक पिक्सेल फेदर, म्हणजे कड किंचित मऊ करणं. 'श्रिंक' (सिलेक्शन आत ओढणं) वापरू नका, ते तार दोन्ही बाजूंनी कुरतडतं.

मग डिलीट न दाबता सिलेक्शनवरून लेयर मास्क लावा, तो नको असलेला भाग न पुसता नुसता झाकतो. डिलीट केलेला मोती परत येत नाही, मास्क केव्हाही पांढऱ्या ब्रशने दुरुस्त होतो.

ज्या फटीतून बॅकग्राउंड डोळ्याला दिसतं तेवढ्याच कापा. दोन मोती टेकतात तिथला सुईच्या टोकाएवढा करडा ठिपका राहू द्या, तो सावलीसारखा दिसतो.

पिक्सेलमोज
पांढरा लेयर टाकण्याआधी खाली भडक लाल लेयर टाकून बघा. राहिलेला करडा पट्टा, विसरलेली फट, कुरतडलेला मोती, सगळं तिथे उघडं पडतं. पांढऱ्यावर यातलं निम्मं दिसतच नाही. मग लालच्या जागी पांढरा, म्हणजे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे २५५-२५५-२५५. 'पांढरा दिसतोय' यावर जाऊ नका. २५० असेल तर वेबपेजवर नथीभोवती फिकट चौकोन दिसतो.

माप २००० × २००० ठेवा. वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा असा ॲमेझॉनचा नियम आहे, तेव्हा नथीची लांब बाजू साधारण १७०० पिक्सेल. जेपीईजी क्वालिटी ९० च्या खाली नको, तारेभोवती मुंग्या आल्यासारखे ठिपके येतात.

पारदर्शक पीएनजी कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. फोटो म्हणून पाठवली की तिची जेपीईजी होते, पारदर्शकपणा जातो, आणि सगळं पहिल्यापासून.

ठुशीवाली
आधी एक नथ काचेवर ठेवून बघते. ठुशीलाही काच लागेल का?

उजेड_सावली
नाही, ताई. ठुशी भरीव असते, आतल्या फटींचा प्रश्नच नाही. करड्या कागदावर सपाट ठेवा आणि ॲपला द्या. फक्त मागचा गोंडा आणि दोरा तपासा, दोऱ्याचे सुटे धागे ॲप हमखास अर्धवट कापतं. फोटोआधी कात्रीने ते छाटलेले बरे.